मास्तरांची साखर निळी राहते

मास्तरांच्या घरात साखरेचे सात डबे होते आणि चहा मात्र बिनसाखरेचा मिळायचा. पहिल्यांदा मी तो चहा प्यायले तेव्हा वाटलं, विसरले असतील बिचारे. एकटा म्हातारा माणूस. मी भिडेखातर गप्प बसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसाच कडू. तिसऱ्या दिवशी धीर करून म्हटलं, "मास्तर, साखर आणू का वरून?"

"वरून कशाला? माझ्याकडे सात डबे आहेत," ते म्हणाले. "पण ती खायची नाही, सूनबाई. ती कामाची चीज आहे."

मास्तर म्हणजे आमचे घरमालक. बनारसच्या एका इंटर कॉलेजात जन्मभर रसायनशास्त्र शिकवून रिटायर झालेले. लग्न केलं नव्हतं. घराणं चार पिढ्यांपूर्वी कोकणातून काशीला आलेलं, पण स्वतः मास्तरांनी कोकण कधी डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. त्यांचं मराठी ऐकून मला सुरुवातीला हसू यायचं. "नल आला, जल्दी पाणी भरून घ्या," "आज सब्जी काय केली?" "जरा रुका, अभ्भी येतो." पुढे पुढे मीच तसं बोलायला लागले आणि माहेरी गेले की माझी चेष्टा व्हायची.

यांची बँकेतून बनारसला बदली झाली तेव्हा माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं, आणि सासूबाईंना मात्र स्वर्ग दोन बोटं उरला होता. काशीला राहायला मिळणार, रोज गंगा! अहिल्याबाई घाटाच्या वरच्या गल्लीत मास्तरांचं घर होतं. खाली मास्तर, वर आम्ही तिघं. मी मुळातच धास्तावलेल्या जातीची. दूध उतू गेलं तरी माझ्या छातीत धडधडतं. दाराला कडी घातली की नाही हे मी अजूनही तीनदा उठून बघते. असल्या बाईच्या नशिबी असला घरमालक.

पहिल्याच दिवशी, आमच्या ट्रंका अजून गल्लीत ठेल्यावर होत्या, तर मास्तर आम्हाला हाताला धरून आत घेऊन गेले. "सामान येईल. पहिले हे बघा." काचेच्या ग्लासात अर्धा पेला साखर. तिच्यावर त्यांनी एका बाटलीतून तेलासारखं काहीतरी ओतलं. साखर पिवळी झाली, तपकिरी झाली, काळी झाली आणि मग ग्लासातून एक काळा खांब फुसफुसत वर यायला लागला. खोलीभर जळका वास पसरला. मी यांचा शर्ट मागून घट्ट धरला.

"देखा? गोडाच्या पोटात कोळसा!" मास्तर आनंदानं म्हणाले. "बारा कार्बन, बावीस हायड्रोजन, अकरा ऑक्सिजन. ॲसिडनं पाणी ओढून घेतलं, उरला कोळसा. मिठाईवाल्याला हे कोणी सांगत नाही."

सासूबाईंनी नाकाला पदर लावला आणि जिन्यातच निकाल दिला, "घर बदला. हा माणूस आपल्याला जाळून मारेल." हे म्हणाले, "अगं आई, परमुलखात मराठी घरमालक मिळालाय. एवढं चालायचंच." आणि आम्ही राहिलो.

साखरेनं मास्तर काय काय करायचे, ते सांगायला बसले तर दिवस पुरायचा नाही. सायकलची साखळी बसवून हात काळे झाले की तेलात चिमूटभर साखर घालून चोळायचे, हात लख्ख. फुलदाणीच्या पाण्यात साखर आणि दोन थेंब लिंबू. झेंडू आठवडाभर टवटवीत. कुणाला उचकी लागली की चमचाभर साखर कोरडीच जिभेवर. "हे घाट कशावर उभे आहेत माहीत आहे का? चुन्यात गूळ घातलाय जुन्या लोकांनी," हे ते प्रत्येक नव्या माणसाला सांगायचे. एकदा भर दुपारी त्यांनी मला आणि सासूबाईंना कोळशाच्या खोलीत नेलं आणि दार लावून घेतलं. काळोखात बोटसुद्धा दिसेना. "बोलू नका. डोळ्यांना अंधाराची आदत होऊ द्या." मी रामरक्षा म्हणायला लागले. इतक्यात कट् असा आवाज आला आणि एक बारीक निळा उजेड चमकून गेला. पुन्हा कट्, पुन्हा निळं. ते पकडीनं खडीसाखर फोडत होते. साखर तुटताना उजेड पडतो म्हणे. सासूबाई कधी नव्हे ते लहान मुलीसारख्या म्हणाल्या, "अजून एकदा फोडा की हो." त्या दिवसानंतर घर बदलायची भाषा बंद झाली.

आणि भिंतीची गोष्ट. शेजाऱ्यानं मास्तरांच्या खिडकीसमोर भिंत घालायला घेतली. गवंडी जेवायला गेला तेव्हा मास्तरांनी कालवलेल्या सिमेंटमध्ये दोन ओंजळी साखर टाकून ढवळली. साखरेनं सिमेंट बसत नाही. दुसऱ्या दिवशी भिंत थुलथुलीत, गवंड्याचं डोकं फिरायची पाळी. बरं, एवढं करून गप्प बसावं की नाही? संध्याकाळी स्वतःच वही घेऊन शेजाऱ्याकडे गेले आणि वाचून दाखवलं, साखर किती, सिमेंट किती, किती वाजता टाकली. शेजाऱ्यानं खास बनारसी शिव्या दिल्या, सगळी गल्ली गोळा झाली.

मी म्हटलं, "मास्तर, केलंत ते केलंत, सांगायला कशाला गेलात? हात दाखवून अवलक्षण!"

"सूनबाई, प्रयोग केला की नोंद खरी करायची," ते म्हणाले. "नोंद लपवली तर तो प्रयोग नाही, चोरी आहे." असा सगळा कारभार.

सासूबाईंना साखरेचा आजार होता. आम्ही तिकडे गेलो त्याच्या आधी तीन वर्षं त्यांचं गोड बंद झालेलं. गोळ्या चालू होत्या. पूर्वी घरच्या घरी तपासायचं यंत्र कुठलं असायला? लघवी निळ्या औषधात उकळून बघायची. मास्तरांनी आपण होऊन ते काम मागितलं, तेव्हा सासूबाई लाजेनं लालबुंद झाल्या. परक्या पुरुषानं हे असलं बघायचं म्हणजे काय! शेवटी मास्तरांनी मला शिकवलं. काचेच्या नळीत औषध घ्यायचं, वर आठ थेंब टाकायचे, स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळं राहिलं तर साखर नाही. हिरवं म्हणजे थोडी, पिवळं म्हणजे जास्त, नारिंगी त्याहून जास्त, आणि विटकरी लाल झालं की समजावं, घात आहे. त्यांनी भिंतीवर पाच रंगांचे पाच पट्टे रंगवून ठेवले होते. रोज सकाळी पदराखाली वाटी झाकून मी खाली जायचे आणि नळी उकळेपर्यंत माझा जीव टांगणीला लागलेला असायचा. बहुतेक दिवस निळी, फार तर हिरवी.

मग ज्येष्ठ आला. बनारसचा ज्येष्ठ म्हणजे घाटाच्या पायऱ्यांवर पापड भाजून घ्यावा. सासूबाई स्नान करून अनवाणी परत यायच्या. सोवळ्यात चप्पल कशी घालणार? मी हजारदा सांगितलं. "मला काही चटका बसत नाही गं," म्हणायच्या. मला वाटायचं, भक्ती. ती भक्ती नव्हती हो, त्या आजारानं त्यांचे तळपाय बधिर झाले होते. एक दिवस फरशीवर ओले डाग दिसले म्हणून मी पाय उचलून पाहिला, तर उजव्या तळव्याला रुपयाएवढा फोड फुटून आत पू. त्यांना पत्ताच नाही.

आणि नेमके त्याच आठवड्यात हे लखनौला बँकेच्या ट्रेनिंगला गेलेले, दीड महिन्यासाठी. जाताना म्हणाले होते, "आईला सांभाळ." डॉक्टरांचं औषध झालं, मलम झालं, इंजेक्शनं झाली. जखम वाढतच चालली. तिला वास यायला लागला. डॉक्टर एक दिवस मला बाहेर घेऊन म्हणाले, "माताजींचा पाय घोट्यावरून काढावा लागेल. नाहीतर विष वर चढेल." गंगेवर पायांनी चालत जायचं, एवढ्या एका सुखासाठी ती बाई या गावात आली होती.

मी खाली मास्तरांकडे जाऊन रडले. मास्तरांनी ऐकून घेतलं आणि सातातला एक डबा काढून माझ्यापुढे ठेवला.

"जखमेत साखर भरायची," ते म्हणाले.

मला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. "मास्तर, अहो त्यांना साखरेचाच आजार आहे!"

"मुरांबा वर्षभर का टिकतो? साखर पाणी ओढून घेते. जंतूंना पाणी नाही मिळालं की ते मरतात. जखमेतही तेच. आणि जखम म्हणजे काही तोंड नाही. ही साखर म्हणजे दोन साखरा एकमेकींना चिकटलेल्या. पोटात त्या सुटतात, मग रक्तात जातात. पायात त्यांना सोडवणारं कोणी नाही. तिथे ती नुसती बसून राहील आणि धुतली की निघून जाईल."

"तुम्ही कधी केलंय हे?"

"नाही," मास्तर म्हणाले. "वाचलंय." खोटं म्हणून बोलायचे नाहीत हो! निदान त्या दिवशी तरी 'हो' म्हणायचं होतं.

तुम्हीच सांगा, मी काय करायला हवं होतं? नवरा गावाला. हो म्हटलं आणि काही बरंवाईट झालं, तर सगळा जन्म लोक म्हणणार, सासूला साखरेचा आजार आणि सुनेनं जखमेत साखर भरली. नाही म्हटलं तर पाय गेला. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मी मास्तरांना घेऊन डॉक्टरांकडे गेले. निघालं असं की डॉक्टर मास्तरांचेच विद्यार्थी. ते खुर्चीवरून उठून उभे राहिले, वाकून नमस्कार केला, सगळं ऐकलं आणि 'ठीक आहे सर' म्हणाले. मला मात्र दारात गाठून हळूच म्हणाले, "सर गुरू आहेत, त्यांच्यापुढे मी काय बोलू? गोळ्या बंद करू नका. जखम मला दाखवत राहा. आणि नळी रोज बघा. लाल झाली, की त्याच दिवशी साखर बंद आणि पाय काढायचा. मग मी सरांचंही ऐकणार नाही."

यांना मी पत्रात लिहिलं, आईंचा पाय दुखावला आहे, औषध चालू आहे. साखरेचं अक्षरही लिहिलं नाही.

मास्तर दिवसातून दोनदा वर यायचे. उकळून गार केलेल्या पाण्यानं जखम धुवायची, साखर गच्च भरायची, पट्टी बांधायची. सासूबाई आढ्याकडे बघत पडायच्या. तोंडानं एवढंच म्हणायच्या, "मुंग्या येतील हो मास्तर." मास्तरांनी खाटेचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले होते. तिसऱ्या दिवशी वास कमी झाला. चौथ्या दिवशी मला आत लालसर मांस दिसलं. नळी निळी. तरी माझ्या जिवाला स्वस्थता नाही. मी रात्रंदिवस तो पायच बघत होते. अन्न गोड लागेना.

समोरच्या काकू, वेदपाठशाळेतल्या गुरुजींच्या मंडळी, म्हणाल्या, "अगं, एवढी घाबरतेस तर अन्नपूर्णेला नवस बोल. अकरा दिवस रोज दोन लाल पेढे ठेवायचे आणि तोच प्रसाद सासूला आपल्या हातानं भरवायचा. आईच्या दारी कोणी विन्मुख गेलं नाही." मी पाचव्या दिवशी नवस बोलले. रोज सकाळी देवळात जायचे, देवीपुढे पेढे ठेवायचे, डोळे मिटून म्हणायचे, आई, पाय राहू दे. घरी येऊन दोन्ही पेढे सासूबाईंच्या तोंडात घालायचे. त्या हात जोडून, डोळे मिटून खायच्या.

तुम्हाला आत्ता कळलं ना? मला कळलं नाही. देवाशपथ सांगते, कळलं नाही. चहातली साखर मी बंद ठेवली होती, भातसुद्धा मोजून वाढत होते, त्यांना आंब्याची फोड दिली नव्हती. पण पेढा माझ्या हिशेबी खाण्यात नव्हताच. तो प्रसाद होता. प्रसादानं कधी कोणाला बाधलंय?

नवसाच्या तिसऱ्या दिवशी नळी पिवळी झाली. चौथ्या दिवशी नारिंगी. मास्तर भिंतीवरच्या पट्ट्यांशी नळी धरून उभे राहिले. त्यांनी मला विचारलं, "काल काय काय खाल्लं त्यांनी? सकाळपासून सांगा." मी सगळं सांगितलं. दूध अर्धी वाटी, भाकरी एक, दोडका, मुगाचं वरण. "और काही?" "नाही." पाचव्या दिवशी मी दिव्यावर नळी धरली आणि बघता बघता तळाशी विटकरी लाल रंग बसला. माझ्या हातून चिमटा सुटला, नळी फुटली. त्या लाल शिंतोड्यांकडे बघत मी किंचाळले, "मास्तर, साखर रक्तात गेली! तुमचे खेळ झाले आणि आमचा पाय गेला! काय सांगू मी यांना आता?" आणखी बरंच बोलले. वेडा म्हटलं. म्हाताऱ्या माणसाला उंबऱ्यात उभं राहून वेडा म्हटलं, आणि वर डॉक्टरांना निरोप धाडला. डॉक्टर आले, पट्टी सोडवली, साखर धुऊन टाकली. म्हणाले, परवा सकाळी दवाखान्यात घेऊन या.

दुपारी मास्तरांनी मला खाली बोलावलं. मी रागानंच गेले. त्यांनी एका नळीत निळं औषध घेतलं, त्यात आपल्या डब्यातली साखर चांगली चमचाभर घातली आणि दिव्यावर धरली. उकळी आली. मी वाट बघत राहिले. रंग बदलेना.

"माझी साखर निळी राहते, सूनबाई," मास्तर म्हणाले. "हे औषध हिला ओळखत नाही. समजा, जखमेतून ती रक्तात गेली असती, लघवीत उतरली असती, तरी नळी निळीच राहिली असती."

मग दुसऱ्या नळीत तेच साखरेचं पाणी घेतलं, लिंबू पिळलं, बराच वेळ उकळलं. त्यात चिमूटभर सोडा टाकून आंबटपणा मारला आणि मग निळं औषध घालून पुन्हा तापवलं. लाल. अगदी सकाळसारखं विटकरी.

"आंबटात उकळली तर सुटते. पोटातही सुटते. मगच लाल होते. सकाळची ती साखर पायातून गेलेली नाही. तोंडातून गेलीय."

ते मला काही विचारत नव्हते. नळ्या धुवायला लागले, माझ्याकडे पाठ करून. आणि मला एकदम माझी स्वतःची बोटं दिसली, पेढा धरलेली, सासूबाईंच्या तोंडाशी. रोज दोन. मी तिथेच पायरीवर बसले. मास्तर पाठमोरेच म्हणाले, "उद्या सकाळी नळी आणा. आज काय खायला द्यायचं नाही ते तुम्हाला माहीत आहे." एवढंच. मी वर निघून आले.

दुसऱ्या दिवशी मी देवीपुढे पेढे ठेवले आणि देवळाबाहेरच्या गाईला घातले. सासूबाईंनी त्या सकाळी माझ्याकडे, माझ्या रिकाम्या हातांकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. नळी पिवळी. ती घेऊन मास्तर चालत डॉक्टरांकडे गेले आणि दोन दिवस मागून घेतले. काय सांगितलं डॉक्टरांना, मला ठाऊक नाही. त्यानंतर हिरवी. आणि मग निळी. डॉक्टरांनी स्वतः पुन्हा साखर भरायला परवानगी दिली. पुढच्या पंधरा दिवसांत जखमेच्या कडा आत यायला लागल्या. डॉक्टर म्हणाले, पाय काढायची गरज नाही.

हे लखनौहून आले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी नवसाचं उद्यापन ठेवलं. घाटावरची पाच-सहा मराठी घरं जेवायला. मास्तर कोपऱ्यात पानावर बसले होते. सासूबाई खाटेवर तक्क्याला टेकून. मी पेढ्यांचं ताट घेऊन वाढत होते, आणि काकू सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "सुनेच्या नवसानं पाय राहिला हो. नाहीतर मास्तरांनी जखमेत साखर भरून नळी लाल करून ठेवली होती. पाय कापायचा दिवससुद्धा ठरला होता!"

यांनी हातातला घास खाली ठेवला. माझ्याकडे पाहिलं, मग मास्तरांकडे. "जखमेत साखर? माझ्या आईच्या? तुम्ही कोण हो हे ठरवणार? डॉक्टर आहात? तुमच्या त्या पोरखेळापायी माझी आई मेली असती!"

मास्तरांनी पानावरून मान वर केली. "बराबर आहे तुमचं," ते म्हणाले. "चूक माझी. प्रमाण चुकलं."

प्रमाण चुकलं! भिंतीत टाकलेल्या दोन ओंजळी साखरेची नोंद घेऊन शिव्या खायला गेलेला माणूस. मला माहीत होतं ते खोटं आहे. त्यांना माहीत होतं की मला माहीत आहे. आणि मी ताट धरून उभी. खाई त्याला खवखवे म्हणतात, इथे भरवणाऱ्याला खवखवत होतं.

"मास्तरांना बोलू नकोस," खाटेवरून सासूबाई म्हणाल्या. "त्यांचं काही चुकलं नाही. गोड मी खाल्लं. चोरून."

"आई!" हे उठूनच उभे राहिले. "लाज नाही वाटली? या वयात? आम्ही इथे जिवाचं रान करतोय, आणि तू लहान पोरासारखी चोरून खातेस?"

सत्तरीची बाई ती. घरात त्यांच्यापुढे कोणी आवाज चढवलेला मी कधी ऐकला नव्हता. त्यांनी वीस माणसांत मान खाली घातली, माझ्यासाठी. ते मात्र मला सोसवेना. ताट हातातून खाली ठेवलं की पडलं, मला आठवत नाही.

"त्यांना बोलू नका," मी म्हटलं. "चोरून नाही खाल्लं. मी भरवले. रोज दोन पेढे, पाच दिवस, माझ्या हातानं. नळी त्यानंच लाल झाली. मास्तरांना तेव्हाच कळलं होतं, आणि ते कोणाला बोलले नाहीत."

"अगं, पण तो तर प्रसाद!" काकू म्हणाल्या.

मी यांच्याकडे पाहायचं टाळलं. सासूबाईंनी मला हातानं जवळ बोलावलं, खाटेवर बसवलं आणि माझा हात आपल्या मांडीवर घेतला. "तिला कळलं नाही," त्या यांना म्हणाल्या. "तिनं प्रसाद म्हणून दिला. पण मला पहिल्याच घासाला कळलं होतं रे, हे आपल्याला चालायचं नाही. पाय जाईल हेही कळत होतं. तरी रोज सकाळी मी तिची वाट बघायचे." त्यांनी माझी बोटं मुठीत धरली. "तीन वर्षांनी कोणी गोड घातलं होतं तोंडात. फार गोड लागत होते."

मास्तर पानावरून उठले. हात धुवायचेही राहिले त्यांचे. खाटेपाशी येऊन उभे राहिले, चष्मा काढला, पुन्हा घातला.

"वहिनी," ते म्हणाले, "हे काही मला नळीत दिसलं नाही."